ह्यांच्या मयतीचा रविवार

माझा नवरा मेल्याची खबर मला मशिदीच्या भोंग्यावरून कळली. मी ओट्यापाशी उभी राहून सुक्या बोंबलाच्या कालवणात आमसुलं टाकत होते. आधी भोंगा खरखरला, मग कुणीतरी त्यात दोनदा फुंकर मारली आणि झुबेरचा आवाज आला, "जरूरी ऐलान सुनिए. सुलेमान इब्राहीम मुकादम का इंतकाल हो गया है. जनाजे की नमाज असर के बाद होगी." आमच्या मोहल्ल्यातच काय, सबंध रोह्यात या नावाचा माणूस एकच, आणि तो सकाळी चहासुद्धा न घेता माझ्या घरातून बाहेर पडला होता.

मी पहिल्यांदा काय केलं, सांगू? गॅस बारीक केला. हातात उरलेली आमसुलं होती तीही टाकली आणि कालवण ढवळलं. मीठ बघावं म्हणून पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला. ओट्याखाली तांदळाचा डबा होता, त्याला टेकून मी फतकल मारून बसले.

आता लोक विचारतात, नूरबानो, तू एवढी भांडकुदळ, कुणाचं काही ऐकून न घेणारी, तू विश्वास ठेवलासच कसा? विचारायला काय जातं! भोंग्यावरून आजवर खोटं मयत सांगितलेलं ऐकलंय कुणी? ईदच्या चंद्राचा घोळ होतो, नळाच्या पाण्याचा होतो. मयताचा होत नाही. भोंग्याने सांगितलं म्हणजे माणूस गेला.

त्यातून हे घरात नव्हते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि पेणला कुठल्याशा ट्रस्टचं रविवारचं शिबिर होतं. सकाळी तपासायचं, लगेच ऑपरेशन करायचं आणि संध्याकाळच्या आत घरी सोडायचं. मी बरोबर निघाले होते, पण बाबाजी आडवा आला. बाबाजी म्हणजे जवळच्या वरसे गावचा, वाल पिकवणारा शेतकरी, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. "वहिनी, बायकांचा काय काम हाय तिकडं? मी हाय ना," म्हणाला. बाबाजी फोन बाळगत नाही. ह्यांच्याकडे आहे, पण त्याची बॅटरी नागोठण्याच्या पुढे टिकत नाही. असे दोघे शहाणे सकाळच्या गाडीने पेणला गेले होते.

मी डब्याला टेकून बसले आणि डोक्यात एकच आलं, मुझम्मिलला कोण सांगणार? मुझम्मिल आमचा एकुलता एक. कुवेतला असतो. कंपनी कधी सुट्टी देत नाही, कधी तिकीट महाग असतं, कधी व्हिसाचं काही निघतं. मधल्या काळात कित्येक ईदा आल्या आणि गेल्या. बापाला त्याने शेवटचं समोर बघितलं तेव्हा ह्यांच्या दाढीत काळे केस जास्त होते. त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ह्यांना लावला, तोही बंद. शिबिराच्या पत्रकावर नंबर होता, तो नुसता वाजत राहिला.

तोवर घर भरलं. शेजारची रुखसार सगळ्यांत आधी आली. तिने मला मिठी मारली, रडली आणि रडता रडताच गॅस बंद करून कालवणाचा टोप उचलून आपल्या घरी नेला. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी खाऊ घालायचं असतं, ते मला ठाऊक आहे. पण टोप तसाच, पळीसकट गेला. मग माझी नणंद खैरून आली. ह्यांची मोठी बहीण, खैरूनआपा. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मयताला हजर आणि प्रत्येक कामात पुढे. तिने माझे हात धरले आणि साबण मागवला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, निघता निघेनात. दोन फुटल्या, रक्त आलं. उरलेल्या तिने एकेक करून काढल्या आणि रुमालात बांधल्या. मी नुसती बघत होते. हे हात कुणाचे आहेत, असं वाटत होतं.

अंगणात बाप्ये जमले. ताडपत्री बांधली, खुर्च्या आल्या. मशिदीतून जनाज्याची खाट आणून आमच्या भिंतीला उभी केली. मागच्या पडवीत गुसलासाठी, म्हणजे मयताला आंघोळ घालायला, पाणी तापायला ठेवलं. काय सांगू, ज्या पोरांना घरात साधा पंखा पुसायला सांगितला तर जमत नाही, ती काय भराभर कामं करत होती! चारजण फावडी-कुदळी घेऊन कबरस्तानात पळाले. दोघेजण गाडी काढून मयत आणायला पेणला गेले.

मी झुबेरला आत बोलावलं. झुबेर जमातीचा सेक्रेटरी, बाजारात मोबाइलचं दुकान आहे. भोंगा आणि व्हॉट्सॲप ग्रुप दोन्ही त्याच्याच हातात. पोर वाईट नाही, पण उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मी विचारलं, "कुठं झाला? कसा झाला? तुला कुणी सांगितला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "चाची, तुमाला ठाऊक नाय? मला वाटला, घरी पयला फोन आला असंल. मुझम्मिलनीच टाकलाय ना."

त्याने फोन पुढे धरला. मुझम्मिलच्या स्टेटसवर ह्यांचा फोटो होता. काळा-पांढरा. भोवती पांढऱ्या गुलाबांची चौकट आणि वरच्या कोपऱ्यात एक उडणारं कबुतर. खाली लिहिलं होतं, "अब्बा के लिए आप सब से दुआओं की दरख्वास्त है." आमच्याकडे रंगीत फोटोतला माणूस मक्केला उमऱ्याला गेलेला असतो किंवा त्याचा वाढदिवस असतो. काळा-पांढरा म्हातारा, भोवती फुलं आणि खाली दुआ, याचा दुसरा अर्थ कुणी काढतच नाही. मीही नाही काढला. त्या फोटोतले ह्यांचे डोळे बघितले आणि माझी शेवटची आशा गेली. पोटच्या पोराने टाकलंय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

मग जो तो जोडत गेला. पेणच्या स्टँडवर छातीत कळ आली असेल. डॉक्टरांनी खिशातला फोन काढून शेवटचा नंबर लावला असेल, तो मुझम्मिलचा. आदल्या दिवशी बापलेक बोललेच होते. म्हणून खबर आधी कुवेतला गेली आणि तिथून रोह्याला आली. सगळ्यांना पटलं. बॅटरी मेलेल्या फोनवरून नंबर लागला कसा, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. तोपर्यंत दोह्यापासून रोह्यापर्यंत प्रत्येकाने तोच फोटो आपल्या स्टेटसला लावला होता. कुणीतरी तर सांगितलं की जाताना ह्यांच्या तोंडी कलमा होता.

वरशाहून हौसा धावत आली, बाबाजीची बायको. पदर कमरेला तसाच, पायात चप्पल नाही. माझ्या गळ्यात पडली आणि मग एकदम बाजूला होऊन म्हणाली, "गो नूर, मग माझा म्हातारा कुठं हाय?"

"तो मयताजवळ बसला असंल," खैरूनआपा म्हणाली.

"एकटाच? त्याला तर डागदर बघूनच चक्कर येतं गो!" हौसा म्हणाली आणि आणखी मोठ्याने रडू लागली. आता आम्ही दोघी रडत होतो, ती तिच्या धन्यासाठी आणि मी माझ्या.

मुझम्मिलचा फोन बंदच होता. खैरूनआपाच म्हणाली, "बंद हाय म्हणजे इमानात बसला असंल पोर." ते ऐकून मला बरं वाटलं. तेवढ्यात झुबेर दारात येऊन उभा राहिला. त्याने मान खाली घालून विचारलं, "चाची, मयत पेणवरनं येईल इतक्यात. मुझम्मिल निघाला असंल तर उद्या सकाळपर्यंत पोचंल. थांबायचा का त्याच्यासाठी?"

आमच्यात मयत थांबवत नाहीत. जितक्या लवकर माती द्याल तितकं बरं, हे लहानपणापासून ऐकलेलं. ह्यांचे वडील गेले तेव्हा हे कुवेतला क्रेन चालवत होते. आई गेली तेव्हाही तिकडेच होते. दोन्ही वेळा आम्ही थांबलो नाही. दोन्ही वेळा सुट्टीवर आल्यावर हे एकटे कबरस्तानात जाऊन आले आणि घरी येऊन मुकाट जेवले. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत हेच. आखातात गेलेल्या पोराने बापाला खांदा दिला, असं आमच्याकडे क्वचितच घडतं.

मी म्हटलं, "नका थांबू."

ते माझ्या तोंडून कसं निघालं, कळलं नाही. रडत नव्हते, विचार करत नव्हते. जसं कुणी विचारावं साखर किती आणि आपण सांगावं, तसं सांगून मोकळी झाले. झुबेर मान हलवून गेला. आणि मग मला खरं रडू फुटलं.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, मयत आलं. मग वाटलं, मयत रिक्षातून कसं येईल? तेवढ्यात अंगणात कुणीतरी ओरडलं, एक खुर्ची उलटली, आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर एक आवाज आला.

"नूर! नूर गेली? माझी नूर गेली काय रे?"

तो आवाज मी जन्मभर ऐकला आहे. मी जिवंत माणसासारखी उठले नाही, कुणीतरी मानेला धरून उचलावं तशी उठले. दारापर्यंत पोचले. अंगणात हे उभे होते. डाव्या डोळ्यावर पट्टी, तिच्यावर काळा चष्मा, एका हातात पेणच्या पापडांची पिशवी, आणि दुसऱ्या हाताने भिंतीला उभी केलेली ती खाट चाचपत होते. घरासमोर मंडप, टोप्या घातलेली माणसं, जनाज्याची खाट. बिचाऱ्यांना दुसरं काय वाटणार? घरात दोघंच राहतो. एक इथे उभं आहे, म्हणजे गेलं ते दुसरं. गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ऑपरेशन केलेला डोळा, त्याला रडायची बंदी होती.

अंगणातला एकही माणूस हलला नाही. इमामसाहेबांच्या हातातली तसबीची माळ थांबली. एक म्हातारे तर सरळ पाठ फिरवून, भुताखेतांपासून राखण करणारी आयतुल कुर्सी म्हणायला लागले. मागून बाबाजी आला, त्याला काहीच कळेना. "आरं कोण गेला? कोण गेला ते तरी सांगा!"

"हेच!" झुबेर ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कोण हेच?"

"सुलेमानचाचा."

बाबाजीने ह्यांच्याकडे वरून खाली नीट बघितलं. "नाय नाय," तो म्हणाला, "हा माझ्या संगतीच होता."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. हौसा सांगते की मी आधी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला, मग छातीवर दोन गुद्दे मारले आणि विचारलं, "फोन का नाय केलात? फोन का नाय केलात?" हे माझ्याकडे बघत होते. एका डोळ्याने. माझे उघडे हात बघितले, मनगटावरचं रक्त बघितलं. "तू हायस?" एवढंच म्हणाले. मग दोघंही ओसरीवर बसलो, सगळ्या जमातीसमोर, एकमेकांचा हात धरून. असं आम्ही लग्नातसुद्धा बसलो नव्हतो.

पाणी प्यायल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. स्टेटस दाखवला. ह्यांनी फोन नाकाजवळ धरून बघितला आणि कपाळावर हात मारला. "आरं काल रात्री मी त्याला बोललो ऑपरेशन हाय, भीती वाटतंय. तो बोलला अब्बा, सगळ्यांना दुआ करायला सांगतो. हा दुआचा फोटो हाय रे! ह्या गाढवानी कबुतर कशाला घातला?"

"मग त्याचा फोन का बंद हाय?" मी विचारलं.

"नवीन साईट हाय त्याची. ग्यासची जागा. फोन गेटवर जमा करतात, शिफ्ट सुटली की देतात."

म्हणजे मुझम्मिल विमानात नव्हता. तो कामावर होता आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता. मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात रुखसारने तोंडावर हात घेतला. "चाची, पन शिफ्ट सुटल्यावर तो फोन उघडंल ना!"

सगळ्यांच्या एकदम डोक्यात शिरलं. पोर गेटवर येईल, फोन चालू करेल, आणि त्यात काय असेल? सगळ्या आखातातून, सगळ्या कोकणातून आलेले शेकडो 'इन्ना लिल्लाह'चे शोकसंदेश. आईचे मिस कॉल. जमातीच्या ग्रुपवर जनाज्याची वेळ. त्याने स्वतः टाकलेलाच फोटो, लोकांनी फिरवलेला. त्याला कोण सांगणार की ही आग त्याच्याच काडीने लागली आहे? परक्या मुलखात, रस्त्यावर, एकटा उभा राहून तो हे सगळं वाचणार होता.

मी झुबेरची कॉलर धरली. खोटं कशाला सांगू, सगळ्यांसमोर धरली. "पुस सगळा," मी म्हटलं.

मग जी काही धांदल उडाली! झुबेरने भोंग्यावरून सांगितलं, "सुलेमान मुकादम जिंदा हैं, अल्हम्दुलिल्लाह, कृपया स्टेटस उतार दीजिए." अंगणातला प्रत्येक माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला. कुणी मस्कतला फोन करतोय, कुणी मुंब्र्याला. पण बातमी म्हणजे उधळलेला बैल. एकीकडून धरावा तर दुसरीकडून पळतो. एकाने पुसलं की दुसऱ्याने नुकतंच बघून टाकलेलं असायचं. कुणी म्हणायचं, मेल्याचं पुसू, पण जिवंत असल्याचं कुठे लिहू? झुबेरने ह्यांचा पापडांच्या पिशवीसकट नवा फोटो काढला आणि रंगीतच टाकला. त्यावरही ओमानमधून कुणीतरी मयतासाठीचीच दुआ लिहिली, 'अल्लाह मगफिरत फरमाए'.

हे मात्र उपाशी होते. ऑपरेशनसाठी काल रात्रीपासून पोटात काही नाही. "कालवण कुठं हाय?" म्हणाले. रुखसार लाजत टोप परत घेऊन आली, पळीसकट. शिवाय शेजाऱ्यांकडून मयताच्या घरासाठी वरणभात आला होता, तोही ह्यांनीच वाढून घेतला. खैरूनआपा म्हणाली, "सुलेमान, डोळ्याला बरा नाय सुका मासा." हे भात कालवत म्हणाले, "मेलेला कोंबडा आगीला भीत नाय, आपा." अंगणात पहिल्यांदा कुणीतरी हसलं आणि मग ते हसू थांबेना. ज्या म्हाताऱ्यांनी पाठ फिरवून आयत म्हटली होती ते तर डोळे पुसत होते. इमामसाहेबांनी विचारलं की तापवलेल्या पाण्याचं काय करायचं. हे म्हणाले, "अर्ध्या अंगाला घेतो. डोक्यावरून नको सांगितलाय डागदरनी."

कबर खोदणारी पोरं मातीने माखून परत आली आणि फाटकातच थबकली. हे त्यांना म्हणाले, "चला, दाखवा कुठं खोदलाव." आणि खरंच गेले, बाबाजीला धरून. परत आल्यावर मला म्हणाले, "अम्माच्या बाजूची जागा दिली नूर. चांगली हाय. पन आखूड हाय. मला पाय दुमडायला लागले असते." खैरूनआपाला वाटत होतं की खोदलेली कबर रिकामी बुजवू नये, निदान एक भोपळा तरी ठेवावा. इमामसाहेब म्हणाले, असं काही धर्मात नाही, नुसती माती ढकला. हौसा म्हणाली, "भोपळा मी आनते, काय जातंय?" त्यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी भोपळा ठेवला.

पेणला गेलेले दोघे घामाघूम होऊन परत आले. त्यांनी सगळं पेण पालथं घातलं होतं, प्रत्येक दवाखान्यात जाऊन मयत मागितलं होतं. मोबदल्यात शिव्या खाल्ल्या. ते ह्यांना बघून आधी घाबरले, मग इतके चिडले की एकजण म्हणाला, "चाचा, निदान सांगून तरी जगायचं!"

हे सगळं हसणं चाललं होतं, तरी कुणी घरी जाईना. माझं लक्ष एकसारखं फोनकडे. मी मिनिटामिनिटाला लावत होते आणि तो बंद होता. मयतीला आलेली माणसं आता एका फोनची वाट बघत बसली होती. असरची, उन्हं कलल्यावरच्या नमाजीची, अजान झाली. ज्या नमाजीला ह्यांचा जनाजा व्हायचा होता, त्या नमाजीला हे स्वतः चालत गेले आणि खुर्चीवर बसून पढून आले.

ते येऊन टेकले आणि फोन वाजला. त्याच्या आधी आमचा लागला नाही. त्याने आधी फोन उघडून सगळं वाचलं होतं.

मी स्पीकर चालू केला. पलीकडून आधी फक्त श्वास आला. मागे ट्रकांचे आवाज, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. मग मुझम्मिल बोलला, एवढ्या बारीक आवाजात की मला तो शाळेत जायच्या वयाचा वाटला.

"अम्मी, माती दिली?"

बस. कसं झालं विचारलं नाही, कधी झालं विचारलं नाही. घड्याळ बघितलं असणार त्याने. असर झाली असेल हे त्याला माहीत होतं. अंगणातलं हसू कुणीतरी फुंकून विझवल्यासारखं गेलं.

ह्यांनी फोनवर वाकून सांगितलं, "नाय दिली. कबर आखूड पडली."

मग "कोण?"

"कोण काय, तुझा बाप."

एक आवाज आला, रडण्याचा म्हणू की किंचाळण्याचा, आणि फोन पडला. आम्ही "मुझम्मिल, मुझम्मिल" करत राहिलो. मग दुसऱ्याच कुणाचा आवाज आला, "हॅलो, भाई नीचे बैठ गया है. रो रहा है. आप कौन? घर में कौन गुजरा?" झुबेर पुढे होऊन म्हणाला, "कोई नहीं गुजरा भाई, कोई नहीं." तो माणूस गोंधळून म्हणाला, "तो फिर रोता क्यों है?"

बऱ्याच वेळाने मुझम्मिल पुन्हा आला. बापाचा आवाज त्याने तीनदा ऐकून घेतला, डोळ्याचं विचारलं, मग झुबेरला दोन शिव्या हासडल्या. झुबेर म्हणाला, "आरं तुझ्याच कबुतरानी केला सगळा!" मग तो हसला. आम्हीही हसलो, भोपळ्याचं सांगितलं, पेणच्या दवाखान्यांचं सांगितलं. तो एवढा हसला की ठसका लागला. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

आणि हसता हसता त्याने विचारलं, "अम्मी, खरं सांग. माझ्यासाठी थांबला असता काय?"

सगळे ऐकत होते. झुबेरने मान वळवली. व्हय म्हणायला मला काय जात होतं? इतकं खोटं सकाळपासून पचलं होतं, त्यात आणखी एक. पण त्या गेटवरून त्याने आधी मातीचं विचारलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

"नाय रे," मी म्हटलं. "झुबेरनी विचारला होता. मीच नको बोलले."

पलीकडे नुसते ट्रक येत-जात राहिले.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. काळा चष्मा काढला. काढायचा नव्हता, तरी काढला. आई आणि बाप, दोघांची माती चुकलेला माणूस तो, त्याला काय सांगायचं?

"मुझम्मिल," हे म्हणाले, "तू सुट्टी मिळंल तवा ये. तवर मी थांबतो."